बर्गरचं पान

बर्गरचं पान वाढून जेवलेला माणूस पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, ते म्हणजे माझे साडू. हे वाक्य मी लग्नांत, मुंजींत आणि एकदा दाताच्या दवाखान्यात बसल्या बसल्या सांगून लोकांना हसवलं आहे. पण गोष्ट प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबवली. उरलेली अर्धी टाळण्यात वर्षांमागून वर्षं गेली. आता वय असं झालं आहे की उद्यावर टाकलेलं काम उद्यावरच राहण्याचा संभव जास्त. म्हणून आज सगळी सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीचे, नव्वदच्या दशकात लखनौच्या एका संशोधन संस्थेत शेवाळाचा अभ्यास करायचे. मुलांच्या शाळेपायी बायको सांगलीला आणि हे अलीगंजमध्ये दोन खोल्यांत एकटे. मी दुसऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होतो आणि दोन गल्ल्या सोडून राहत होतो. साडूंचं सगळंच काटेकोर. स्वेटर पंधरा नोव्हेंबरला अंगात जायचा आणि पंधरा फेब्रुवारीला निघायचा, मधे ऊन पडलं तर ते घाम पुसत म्हणायचे, "ऊन चुकलंय, तारीख नाही." खिशात पेनाऐवजी भिंग. कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याची टाकी बघायचे, मग माणसं.

अलीगंजच्या बाजारात तेव्हा एक बर्गरचं हॉटेल निघालं होतं. सहा टेबलं, लाल रेक्झिनच्या खुर्च्या, आणि बर्गर म्हणजे पावात बटाट्याची टिक्की, काकडी, टोमॅटो, कांदा आणि पांढऱ्या सॉसमध्ये कालवलेला कोबी. मालक रस्तोगीजी. पहिल्याच भेटीत साडूंनी पाण्याचा ग्लास उजेडात धरला, भिंग लावलं आणि त्यातल्या तीन शेवाळांची नावं लॅटिनमध्ये सांगितली. दुसरा मालक भांडला असता. रस्तोगीजींनी छातीवर हात ठेवला, "हुज़ूर, हमें तो इल्म ही न था, इतने मेहमान टिके हुए हैं." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी घासून घेतली आणि त्या दिवसापासून साडू त्यांच्या घरचेच झाले. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. मी आणि माझी बायको बहुतेक वेळा सोबत असायचो. आठवड्यातलं माणसांत बसून जेवण साडूंना एवढंच. बाकी सहा दिवस स्टोव्ह आणि ते.

आता ते पान. साडूंचं म्हणणं असं, की जेवण झाकून देणं हा जेवणाऱ्यावरचा अविश्वास आहे. बर्गर आला की ते हात धुऊन यायचे, वरचा पाव उचलायचे आणि शांतपणे एकेक थर सुटा करायचे. रस्तोगीजींनी त्यांच्यासाठी मुद्दाम एक स्टीलचं ताट आणून ठेवलं होतं. त्यात मधोमध वर मीठ, त्याच्या डावीकडे खिशातून आणलेली लिंबाची फोड, मग कोबीची चटणी, मग काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. उजवीकडे टिक्की, ही भाजी. खाली पाव चार तुकडे करून, ही पोळी. मग ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि पावाच्या चिमटीभर चित्राहुती थेट टेबलावर मांडायच्या. "मीठ उजवीकडे गेलं तर अन्न तेच राहतं, पण जेवण राहत नाही," असं ते मला सांगायचे. एकदा सॉसची बाटली चुकून उजवीकडे ठेवली गेली, तर त्यांनी आख्खं टेबल फिरवून घेतलं. हळूहळू शेजारच्या टेबलावरची पोरंही वाकून बघायला लागली. एक म्हातारे गृहस्थ तर शनिवारी केवळ हे बघायला यायचे आणि चहा पिऊन जायचे.

मला या सगळ्याची मजा वाटायची. ती एका शनिवारी संपली.

त्या वर्षी माझी बढती व्हायची होती आणि मुलाखत घेणार होते आमचे संचालक. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मी बर्गर खायला बोलावलं. साडू त्या दिवशी कानपूरला जाणार होते, म्हणून शनिवार निवडला. सात वाजता साडू दारात. कानपूरचं काम रद्द झालं होतं. "अरे वा, पाहुणे," ते म्हणाले, "म्हणजे आज पंगत." मी काही बोलायच्या आत त्यांनी संचालकांचा बर्गर पुढे ओढला आणि उलगडायला घेतला. इतक्या निगुतीने, की संचालकांच्या पत्नीने हळूच विचारलं, "भाई साहब, आप सर्जन हैं?"

"नहीं जी," साडू मान वर न करता म्हणाले, "काई." म्हणजे शेवाळ.

मग त्यांनी पाणी फिरवायला लावलं, चित्राहुती घालायला लावल्या आणि छप्पन्न वर्षांच्या संचालकांकडून जेवणाआधीचा श्लोक म्हणवून घेतला, ओळ ओळ पुढे सांगत. संचालक हात जोडून म्हणत होते. चित्राहुतींना मुंग्या लागल्या, त्यातल्या काही बाईंच्या पदरावर चढल्या. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. माझी बढती त्या मुंग्यांबरोबर रांगेने निघून चालली आहे, असं मला स्पष्ट दिसत होतं.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. पुढची ही.

त्या हॉटेलात काउंटरवर गिऱ्हाइकांनी सूचना लिहायची एक सुझाव पुस्तिका होती. सोमवारी मी एकटाच गेलो आणि तिच्यात हिंदीत लिहिलं, की एक सज्जन बर्गर खोलकर खाते हैं, जिससे अन्य ग्राहकों की भूख मर जाती है. खाली लिहिलं, 'एक माता'. बुधवारी डाव्या हाताने लिहिलं, 'एक फ़ौजी'. शुक्रवारी बारीक अक्षरात, 'अलीगंज का एक पुराना बाशिंदा', म्हणजे जुना रहिवासी. एका आठवड्यात मी तीन माणसं झालो होतो.

रस्तोगीजींना तोंडावर कुणाला काही बोलणं जमायचं नाही. शनिवारी भिंतीवर पाटी लागली: 'मेहरबानी करके बर्गर को समूचा ही नोश फ़रमाएँ.' म्हणजे अख्खाच खावा. पाटी लावून ते स्वतः आत जाऊन बसले.

साडूंनी पाटी दोनदा वाचली. नियम पाळणारा माणूस. त्यांनी बर्गर दोन्ही हातांनी उचलला, कुठून सुरुवात करायची ते बराच वेळ पाहिलं आणि घास घेतला. टिक्की मागून निसटून मांडीवर पडली. "अरे," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चटणी कुठली आणि भाजी कुठली, काही कळतच नाही." अर्धा बर्गर तसाच ठेवून ते उठले. वाटेत मला म्हणाले, "ज्याने तक्रार केली त्याचं चूक नाही. मुंग्या होतात खऱ्या." मी म्हणालो, "लोक फार वाईट असतात हो." हे मी म्हणालो.

त्यानंतर ते तिथे गेले नाहीत. शनिवारीही स्टोव्हवर खिचडी. बोलावलं तर म्हणायचे, "पुढच्या शनिवारी येतोच की." माझी बढती झाली. मुलाखतीत संचालकांनी एकच प्रश्न नीट विचारला, "आपके साढ़ू साहब कैसे हैं? हमारी पत्नी अब घर पर भी नींबू बाईं तरफ़ रखती हैं."

वर्षभराने साडू निवृत्त होऊन सांगलीला निघाले. रस्तोगीजींनी मला बोलावून ते स्टीलचं ताट कागदात बांधून दिलं. "उनसे कहिएगा, हमसे गुस्ताख़ी हुई." मग काउंटरवरची पुस्तिका नीट सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "और जिन तीन साहिबान ने लिखा था, वे भी कभी साथ कह दें, तो हमारा बोझ कुछ हल्का हो."

ताट द्यायचं तर निरोप द्यावा लागणार होता, आणि निरोप दिला की ते तिघे. स्टेशनवर ताट माझ्या पिशवीतच राहिलं. नंतर दोनदा सांगलीला नेलं आणि दोनदा परत आणलं.

एका भाच्याच्या लग्नात मी नेहमीप्रमाणे बर्गरची गोष्ट सांगत होतो. साडू मागच्या खुर्चीत होते. सगळ्यांत जास्त तेच हसले. मी संचालकांच्या श्लोकावर थांबलो. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "पुढचं सांग की."

मी म्हणालो, "पुढे काही नाही."

"बरं," ते म्हणाले आणि भिंग काढून हातातल्या ग्लासातलं पाणी बघायला लागले.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. ताट माझ्याकडेच आहे. काल मी ते घासलं, मधोमध वर मीठ ठेवलं, डावीकडे लिंबाची फोड. साडूभाऊ, ती माता मी, तो फ़ौजी मी, आणि तो पुराना बाशिंदाही मीच. तुमचं पान मी उठवलं. मला माफ करा.