साच्यातली चतकोर भाकरी

दैवशालाशी माझी ओळख भांडणानंच झाली. माझं भूममध्ये पेढ्यांचं दुकान. ही बाई आली, परातीत डोकावली आणि म्हणाली, "शेठ, तुमच्या पेढ्यावरला मोर कोंबड्यावानी दिसतोय. म्या नवा साचा करून देते." लई राग आला. पण नीट पाहिलं तर कोंबडाच होता. साचा करायला सांगून टाकला.

धनगराच्या घरातली ही सून. लग्नाआधी पुण्याकडच्या कारखान्यात होती, तिथं संगणकावर आकार काढून मशीनकडून तो कोरून घ्यायला शिकली. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तिचं छोटं सीएनसी मशीन घरघरत असतं. लाकडात ठसा कोरून झाला की त्यावर खाण्यापिण्याला चालणारं सिलिकॉन ओतायचं, घट्ट झालं की सोलून काढायचं. झाला साचा. पेढे, बर्फी, मोदक, जे सांगाल ते. बोलायला फटकळ, कामाला वाघीण.

साच्यांपायी तिच्या घरी माझं येणंजाणं वाढलं; तिचा सासरा धुळाप्पा माझ्या बरोबरीचा, दोस्तच झाला. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि गिळणंही बिघडलं. "कोरडा, घट्ट घास श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल," सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "सगळं बारीक वाटा, गाळा, दाट करून द्या."

दिलं तसं. धुळाप्पानं वाटी ढकलून दिली. जीभ जड झालेली, तरी शब्द स्पष्ट निघाले. "ह्ये आंबोण म्हशीला घाला."

तेव्हापासून चमचा दिसला की हा तोंड मिटायचा. सलाईनवर दिवस निघत होते, गालफडं बसली, डोळे खोल गेले. डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगितलं, सोमवारपर्यंत तोंडानं पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. धुळाप्पा म्हणाला, उपटून फेकीन. तो फेकणार, यात आम्हा कुणालाच शंका नव्हती. मला त्याची चीडही येत होती आणि रात्री झोपही लागत नव्हती.

दैवशालानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "वाटलेलंच अन्न साच्यात घालून भाकरीच्या आकाराचं केलं तर?"

"चालेल, पण चमच्यानं दाबल्यावर सहज दबलं पाहिजे. कण राहता कामा नये. आणि बसवूनच भरवा."

तिनं संगणकावर छानपैकी गोल भाकरी काढली, तळहाताएवढी, आणि तिचा साचा केला. दुधात भिजवलेली भाकरी वाटून, कापडातून गाळून, दाट करायची पावडर घालून साच्यात लावली. धुळाप्पानं ती पाहिली आणि भिंतीकडं तोंड केलं. "बिस्कुट हाय. पोरांना द्या."

दैवशालाचा नवरा धनाजी भडकला. "आता खेळ बास कर! सोमवारी नळी घालायची म्हंजे घालायची."

"सोमवारला अजून येळ हाय," ती म्हणाली.

सासू नागूबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "पोरी, अशी गुळगुळीत भाकर आस्ती व्हय? आन त्यांना म्या अख्खी भाकर कवाच वाढली न्हाय. तव्यावरनं काढली की चतकोर मोडून वाढायची, गरम गरम."

"आत्या, आत्ताच्या आत्ता एक भाकर थापा."

भाकरी झाली. चतकोर मोडून दैवशालानं मोबाईलनं चहूबाजूंनी तिचे फोटो घेतले आणि संगणकावर चढवले. नागूबाईच्या बोटांचे ठसे, फुगून फाटलेला पापुद्रा, मोडलेली वेडीवाकडी कड, सगळं पडद्यावर उमटलं. मशीन सुरू झालं. कड कोरून होतेय तोवर लाईट गेली.

शनिवारची दुपार. वीज कंपनीच्या नावानं मी जेवढं बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाईट आली, पण कुठवर कोरलं होतं ती जागाच मशीन विसरलं होतं. ठसा वाया गेला. दैवशालानं नवीन फळी आवळली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी सिलिकॉन ओतलं.

रविवारी सकाळी साच्यातून वाटलेल्या भाकरीचा पहिला चतकोर निघाला. दिसायला अस्सल भाकरी. धनाजीचाही राग उतरला. "दे, दे लवकर." तिनं चमच्यानं दाबून पाहिला. दबला नाही. पावडर जास्त झाली होती.

"जरा घट हाय, पण खातील की," धनाजी म्हणाला.

"नरड्यात अडकला तर?" तिनं तो कुस्करून टाकला आणि पुन्हा वाटायला बसली.

दुपारी धुळाप्पाला उशी लावून ताठ बसवलं. ताटलीत चतकोर ठेवला, शेजारी दाट केलेली आमटी. त्यानं उजव्या हातानं तुकडा मोडला आणि ताटलीबाहेर जमिनीवर ठेवून दिला.

दैवशालाचा चेहरा पडला. "संपलं," ती पुटपुटली. धनाजीनं नळीसाठी फोन करायला मोबाईल काढला.

"थांबा रं!" नागूबाई ओरडली. "त्यो कुत्र्याचा हाय! रानात जेवाया बसलं की पयला तुकडा कुत्र्याला. वाटलेल्यातनं कवा काडला का त्यांनी? भाकर हाय म्हणून काडला!"

दुसरा तुकडा त्यानं आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. जीभ हळूहळू फिरत होती. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडं बघत होतो. घाटी वर सरकली, थांबली, खाली आली. ठसका नाही. धनाजीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो रडायला लागला.

धुळाप्पानं चतकोर संपवला. दैवशालानं ठेवलेला दुसराही संपवला. मग बोटं न पुसता ताटली पुढं सरकवली.

"वाढ," तो म्हणाला.

तो अजून मागेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. दैवशालानं दोनच चतकोर केले होते.