मेजर आणि बिनलेबलाचे पिंप

माझ्या देगलूरच्या दुकानात मेजर कुठल्याही बाटलीला आधी हात लावत नसत. मान तिरकी करून लेबल वाचत, तेही मोठ्याने, खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. दुकान फवारणीच्या औषधांचं. सायकलवर बाटल्या विकून उभं केलेलं; गिऱ्हाईक ताटकळलं की माझं डोकं फिरतं.

“मेजर, उद्या परीक्षा आहे का?”

“वाचू द्या की शेठ. आमच्या पिंपावर कायबी लिवलेलं नव्हतं.”

फौजेत ते साधे नायक. मेजर ही पदवी गावाने दिलेली. लढाई चालू असताना त्यांच्या तुकडीला एका कोठारातले गळकी पिंपं उघड्या हातांनी हलवायला लावली होती. आत काय होतं, ते कुणी सांगितलं नाही. तळहातांची कातडी तेव्हा सोलली ती कायमची, आणि तिशीत लागलेला खोकला सत्तरी उलटली तरी सुटला नाही.

तोंडाला रुमाल बांधूनच फवारीन, असं ते माझ्या गिऱ्हाइकांकडून कबूल करून घेत. एकदा मी भडकलो, “तुम्ही माझं दुकान बंद पाडून राहिलात.” ते खोकत हसले. “चालतंय की दुकान. गिऱ्हाईक जगलं तर परत येतंय.”

त्यांची मागणी एकच होती. हा आजार त्या पिंपांमुळे झाला, असं सरकारने कागदावर लिहून द्यावं. “संगतीचे चौघं गेले. एकाच्या तरी कागदावर खरं येऊ द्या,” म्हणायचे. अर्ज वर्षानुवर्षं फिरत होते. शेवटी दहा पावलं चालणं जड झालं, तेव्हा मी म्हणालो, “चला नांदेडला. सौदा मला कळतो.”

नांदेडच्या सैनिक कल्याण कार्यालयात मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. बाबू ढिम्म. म्हणाला, पिंपांचा पुरावा नाही. पण आजाराचं कारण वयोमान लिहिलंत, तर ऑक्सिजनचं यंत्र आठ दिवसांत घरी येईल. आयुष्यभर मी असेच सौदे केले. अर्धं हाती आलं की उठायचं. मेजर बाहेर बाकावर धापा टाकत होते. त्यांना न विचारता मी हो म्हटलं आणि अर्ज माझ्याच हाताने भरला.

सहीआधी त्यांनी तो वाचला. मोठ्याने. मध्ये दोनदा दम घेतला. ‘वयोमान’पाशी थांबले.

“म्हंजे मी तिशीतच म्हातारा झालो म्हना.”

“आधी श्वास तर घ्या मेजर. बाकीचं मागून भांडू.”

“तुमी त्याला शब्द देऊन बसलाव न्हवं?” एवढंच विचारलं, आणि सही केली.

यंत्र आलं. मेजर त्यावर सव्वा वर्ष जगले. मधे मी पुन्हा भांडायला गेलो, तर बाबूने तोच कागद पुढे सरकवला. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, म्हणाला. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण कागदावरचं अक्षर माझं होतं.

शेवटच्या हंगामात त्यांच्या मुलाला सोयाबीनवर फवारायचं होतं. बाटली मी स्वतः घरी नेऊन दिली. नाकात नळी घातलेल्या मेजरांनी ती घेतली आणि तशीच कोनाड्यात ठेवली.

“लेबल नाही वाचलं, मेजर?”

“ऱ्हाऊ द्या, शेठ. तुमीच आनलीय.”