पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गाठी

वडगाव निंबाळकरचा सावळाराम माणूस सरळ, पण डोक्याचा गरम. मनात एकदा काही धरलं की सोडायचं नाव नाही. धाकट्या भावाशी, भिमाशी, तो अकरा वर्षं बोलला नव्हता. रानाला रान लागून, आणि दोघांत एक शब्द नाही.

कारण विचाराल तर वाटणी. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, वाटणीत भाऊ भांडायचेच. पण इथली तऱ्हाच निराळी. धाकट्यानं कमी घेतलं, म्हणून थोरला रुसला होता!

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचा मान धाकट्याचा. सावळारामानं दोन वाटे पाडले. एकात विहिरीचं वावर, काळंभोर, कालव्याच्या पाटाला लागून, बांधावर जुना कडुलिंब. दुसऱ्यात माळाचं रान. ते आकारानं दीडपट, शिवाय वर गोठा आणि खिलारी बैलजोडी. पण विहिरीचं वावर ते विहिरीचं वावर. भिमा तेच उचलणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि सावळारामानं मनाची तयारीही केली होती.

पंच बसले. भिमानं एकदा दाराकडं पाहिलं. दारात सावळारामाची बायको कुशाबाई सूप घेऊन उभी होती. तिचे हात थांबले होते. भिमा म्हणाला, "माळ माझा," आणि उठून चालू लागला.

झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं. धाकटा देवमाणूस आणि थोरल्यानं सगळं चापलं, असं पारावर, पाणवठ्यावर, बारामतीच्या बाजारात सुद्धा बोललं जाऊ लागलं. सावळारामानं कुणाचं काही चापलं नव्हतं, पण ते सांगणार कुणाला? भिमानं दाराकडं टाकलेली ती नजर त्याच्या डोक्यात रुतून बसली. चारचौघांत मला खाली बघायला लावायचं, हे या दोघांचं आधीच ठरलं होतं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. बायकोला काही विचारलं नाही. बिऱ्हाड हलवून विहिरीवर वस्ती केली आणि भिमाचं नाव टाकलं.

त्यात पुढच्याच वर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. सकाळी बांधावर गेला, तर कडुलिंबाच्या बुंध्याशी साखरेची गाठी ठेवलेली. पाडव्याला पोरांच्या गळ्यात घालतात तसलीच, तांबड्या दोऱ्यात ओवलेली. शेजारी बोळक्यात दूध. ओल्या मातीत माळाकडं जाणारी पावलं उमटली होती. सावळारामाच्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या रानात चोरून तांबडा दोरा आणि दूध ठेवायचं, म्हणजे करणीच की ही! तो तडक एका देवऋष्याकडं गेला. देवऋषी म्हणाला, उजव्या हातानं उचलायचं, कपाळाला लावायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं, हात जोडायचे आणि मागं न बघता परतायचं. सावळारामानं तसंच केलं. दरसाल गाठी यायची, दरसाल तो ती पाटात सोडायचा आणि भावाला मनातल्या मनात शिव्या घालायचा. घरात याचा उच्चार नाही. बाईमाणूस उगाच भिईल, हा त्याचा हिशोब.

छत्तीस सालच्या फाल्गुनात त्यानं पाटाच्या पाण्यासाठी नवी चारी काढायचं ठरवलं. तिकडं वालचंदनगरला कारखाना निघाल्यापासून जो तो उसाचंच बोलत होता, मग यानंही ऊस वाढवायचा म्हटला. चारी सरळ न्यायची तर कडुलिंब आड येत होता. झाड पाडावं, बांध फोडावा, करणीची जागाही जाईल, असा सगळा विचार करून तो रामहरी नावाच्या गड्याला घेऊन कुदळीसह बांधावर आला.

कुशाबाई भाकरी घेऊन आली. कुदळ बघितली, तशी टोपली खाली ठेवून ती बुंध्याशी जाऊन बसली. आता ही बाई कशी, तर तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कधी आडवी गेली नव्हती. सावळारामानं दोनदा उठ म्हटलं. ती जागची हलली नाही. मग त्यानंच रामहरीला बैलांना पाणी दाखवायला पाठवलं.

"हितं कुदळ घालू नका," कुशाबाई म्हणाली. "आपला रतन हाय हितं."

सावळारामाला क्षणभर काही उमजेना. रतन त्यांचा पहिला मुलगा, दीड वर्षाचा होऊन गेलेला. सतरा वर्षं झाली होती. त्या वेळी सावळाराम गुळाच्या गाड्या घेऊन बारामतीला गेला होता आणि रेल्वेचे डबे मिळेनात म्हणून तिथंच अडकला. पाडव्याला पोराला ताप भरला, दुसऱ्या दिवशी ते गेलं. तिसऱ्या दिवशी सावळाराम परतला तेव्हा सगळं उरकलं होतं. कुठं ठेवलं, हे त्यानं विचारलं नव्हतं. ओढ्याकाठी, जिथं सगळ्यांची लेकरं जातात तिथंच, असं धरून चालला होता. खरं म्हणजे विचारायचं त्याला बळच झालं नव्हतं.

कुशाबाई हळूहळू सांगत गेली. ओढ्याकाठी एकटं टाकू नका, मला जाता-येता दिसेल असं ठेवा, म्हणून तिनं दिराचे पाय धरले होते. भिमानं आपल्या हातानं इथं खड्डा खणला. पोराच्या गळ्यातली पाडव्याची गाठी त्यानंच आणलेली होती. ती काढायचा त्याला धीर झाला नाही, तशीच राहू दिली. वाटणीच्या दिवशी ती दारात उभी होती ती एवढ्याचसाठी, की हे रान भिमाकडं गेलं तर पोराच्या जागेवर यायला तिला दुसऱ्याची परवानगी लागणार. तोंडानं ती काही बोलली नव्हती. भावजींनी फक्त बघितलं, म्हणाली.

"मग मला का न्हाय सांगितलंस?" सावळारामानं विचारलं.

"तुमाला ठाऊक न्हाय व्हय?" ती त्याच्याकडं बघतच राहिली. "दरसाल भावजी गाठी ठेवत्यात, अन् तुमी ती कपाळाला लावून पाण्यात सोडता. हात जोडता. वस्तीवरनं बघते की मी. मला वाटलं, पोराची आठवण काढताय. म्हणलं, बोलत न्हाईत, पर इसरलं न्हाईत."

रामहरी परत येताना दिसला, तशी सावळारामानं कुदळ त्याच्या हाती देऊन चारी विहिरीच्या अंगानं वळवून न्यायला सांगितली. पाणी फिरून येईल, येऊ दे. भाकरी त्या दिवशी तशीच राहिली. बांधावर बसून त्यानं ती अकरा वर्षं एकेक करून आठवली. प्रत्येक पाडवा, प्रत्येक शिवी. स्वतःच्या पोराचा खाऊ तो करणी म्हणून पाण्यात टाकत आला होता. त्याला स्वतःची किळस आली.

पाडवा आला. सावळारामानं बारामतीच्या बाजारातून एक गाठी आणली, मोठ्यातली मोठी. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो कडुलिंबाखाली जाऊन बसला. थोड्या वेळानं भिमा आला. हातात बोळकं, खांद्यावर गाठी. भावाला बघून तो थबकला, पण माघारी फिरला नाही. दोघांनी आपापली गाठी बुंध्याशी ठेवली. भिमाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. इतकी वर्षं रानाशेजारी राहून सावळारामाला ते दिसलं नव्हतं.

"भिमा, मला करणी वाटायची रं ही," तो अखेर म्हणाला. "म्हणून टाकत हुतो मी पाण्यात. आठवण-बिठवण काय न्हाय. दरसाल तुला शिव्या घातल्या."

"मला म्हाईत हाय, दादा."

"म्हाईत हाय?"

"त्या देवऋष्यानंच सांगितलं हुतं, पहिल्याच साली."

"अरं, मग येऊन बोलायचंस की! दोन थोबाडीत द्यायच्या हुत्यास."

भिमानं वस्तीकडं हात केला. अंगणात कुशाबाई उभी होती, पदर डोक्यावर, नजर इकडंच. "वैनी तिथनं बघायच्या," तो म्हणाला. "तुमी हात जोडलं की त्याबी जोडायच्या. मी माळावरनं बघायचो. म्हणलं, खरं सांगितलं तर तेवढंबी जाईल. आता तुमीबी सांगू नका."

सावळारामानं डोळे पुसले. वाटणीच्या दिवशी गावासमोर भावानं आपल्याला हलका केला, हे तो अकरा वर्षं उराशी धरून होता. आणि तो भाऊ त्याची अब्रू त्याच्याच बायकोपाशी राखत होता.

दोघांनी गाठी उचलल्या, कपाळाला लावल्या आणि पाटात सोडल्या. हात जोडले. मागं बघायचं नाही, असं देवऋषी म्हणाला होता. सावळारामानं वळून बघितलं. अंगणात कुशाबाईनंही हात जोडले होते.

खरं काय ते त्यानं तिला कधीच सांगितलं नाही. आयुष्यात धाकट्याचं त्यानं ऐकलेलं असं ते एकच.