काकू शांत आहेत

आमच्या आईचा आवाज गावाच्या उपयोगाचा होता. एसटी फाट्यावरून निघाली आणि कुणी वाटेत राहिलं, तर ते माणूस धावत नसे, आईला सांगे. आई अंगणाच्या कडेला उभी राहून एक हाक मारी आणि ड्रायव्हर गाडी थांबवी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात ‘हिचं तोंड मोठं’ असं जाहीर केलं होतं. आईने ते मनाला लावून घेतलं नाही. काही बायका ठेंगण्या असतात, काही गोऱ्या, आपण मोठ्या तोंडाच्या, असं तिने स्वतःविषयी ठरवून टाकलं आणि त्याला साजेसं वागत राहिली. “मी अशीच हाय,” हे ती नाव-गाव सांगावं तसं सांगे.

वडील गेले, भाऊ पनवेलला राहायला गेला आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. आळीतल्या सगळ्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या, म्हणून आम्हीही काढल्या. शनिवारी मुंबईची माणसं बोटीने येऊन मांडव्याला उतरायची, रिक्षा करून जेवायच्या वेळेला आमच्याकडे यायची आणि रविवारी उन्हाने लाल होऊन परत जायची. मी अलिबागला नोकरीला जाऊन-येऊन असते. बुकिंग, फोटो, इंटरनेट माझ्याकडे आणि खोल्या, जेवण, पाहुणे आईकडे, अशी वाटणी झाली. ही वाटणी चुकली होती, पण ते नंतर कळलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक नवराबायको. दोघंही हळू बोलणारी. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते वळण म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते लाजून. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरला तरच ते खरं. ‘वाढू का?’ असं विचारणं म्हणजे हात आखडता घेणं. आणि ‘जेवण आवडलं का?’ असं विचारणाऱ्या बाईला तर आमच्या गावात लोक वर्षभर हसतील. त्या दोघांनी एकदा ‘नको’ म्हटलं आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. आईने दुसरी भाकरी वाढली. तिसरी वाढताना म्हणाली, “खावा की! मुंबईला काय उपाशी ठेवतात तुमाला?” हे तिचं लाडाचं बोलणं. त्या बाईंच्या हातातला घास ताटात पडला.

सोमवारी त्यांचा अभिप्राय आला, इंग्रजीत. जेवण उत्तम, खोली स्वच्छ, पण काकू रागीट आहेत, ओरडतात, बळजबरीने खाऊ घालतात आणि जेवण कसं झालं हे एका शब्दाने विचारत नाहीत.

आई ओले हात पदराला पुसत माझ्या मागे येऊन उभी राहिली. “काय लिवलंय?”

मी म्हटलं, “लिहिलंय, जेवण उत्तम. काकू शांत आहेत.”

का म्हटलं, ते तेव्हा मला विचारलं असतं तर ‘तिला वाईट वाटू नये म्हणून’ असं सांगितलं असतं.

“शांत?” आई म्हणाली. “मी?” आयुष्यात तिच्याबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता. तिने मला ते वाक्य परत वाचायला लावलं. मी परत वाचलं, दुसऱ्यांदा जास्त सफाईने. शिकलेली माणसं, लांबून आलेली, आपल्याशी त्यांचं देणं ना घेणं; ती कशाला खोटं लिहितील, असं तिचं म्हणणं पडलं. संध्याकाळी ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी होती.

पुढच्या शनिवारी ती शांत झाली. पाहुण्यांशी मान हलवून बोलायला लागली. एका कुटुंबाने लिहिलं, काकू आमच्याशी बोलल्याच नाहीत, आम्ही आलेलं त्यांना आवडलं नसावं. मी वाचून दाखवलं, “काकूंचा स्वभाव गंभीर आहे.” आईने हेही मनावर घेतलं. त्यानंतर कुणीतरी ‘घरात सुतक असल्यासारखं वाटलं’ असं लिहिलं. त्याचं मराठी मी ‘घरात देवळासारखी शांतता आहे’ असं केलं. मला वाटतं, भाषांतर म्हणून ते वाईट नव्हतं.

महिन्याभरात ती घरातही तशीच वागायला लागली. मला जेवायला बोलवायची तर हाक न मारता खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. शेजारणीने एसटीला हाक मारायला सांगितलं, तर म्हणाली, “मला न्हाय जमत ते.” गाडी गेली. शेजारीण रिक्षाने गेली आणि तिने चार दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र, खरं सांगायचं तर, घर बरं वाटत होतं. ऑफिसातल्या दोघी एकदा जेवायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, “किती गोड आहे गं तुझी आई.” मी ते ऐकून खूश झाले.

मग एके सकाळी मासळी घेऊन दारावर येणाऱ्या कोळणीने मला गेटपाशी गाठलं. तिचं आणि आईचं वीस वर्षांचं भांडण आहे, रोज बोंबलांवरून. “बाय, आयशीला डाक्तर दाखिव,” ती म्हणाली. “मी सांगतंय तो भाव ती देते. माझ्या बोंबलांना नावं ठेवीत न्हाय. मना भ्या वाटतं.” तिचे डोळे खरंच भरले होते.

मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी फोन घेऊन शेजारी बसले आणि सगळे अभिप्राय पहिल्यापासून, जसे होते तसे, मराठीत वाचून दाखवले. रागीट. ओरडतात. बळजबरी. बोलत नाहीत. सुतक.

ती तांदूळ निवडत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, “पैलं बरोबर लिवलं व्हतं त्यांनी. मी हायच तशी.” मग थांबली. “मंग शांत कोनी लिवलं?”

“मी.”

“व्हय,” ती म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. “तू शाळेत व्हतीस तवापासून तुला मी शांत पायजे व्हते.”

मी म्हटलं, तसं काही नाही.

“पालकांच्या सभेला नुसत्या बापांना बोलावलंय, म्हनून सांगायचीस. शेजारीण जायची की. मला काय दिसत नव्हतं?” तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. “म्हटलं, पोरीला बरं वाटतं तर नको जायला.”

हे तिने इतक्या हळू सांगितलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. मला रडू फुटलं. मी म्हटलं, “आई, मोठ्याने बोल ना.”

तिने प्रयत्न केल्यासारखं केलं. घसा साफ केला, तोंड उघडलं आणि मिटलं.

“आता लगेच न्हाय जमायचं,” ती म्हणाली.