मावशीची सही

तव्यावरची भाकरी फुगली नाही की मावशी डोळे बारीक करून तिच्याकडे बघायची आणि म्हणायची, "ही माझी." मग ती भाकरी बाजूच्या ताटलीत जायची. दुपारी तीनला सगळी गिऱ्हाईकं जेवून गेली की मावशी त्या चिरलेल्या, करपलेल्या भाकऱ्या घेऊन बसायची. मी आठ-नऊ वर्षं तिच्या खानावळीत जेवलो, पण तिला टम्म फुगलेली भाकरी खाताना एकदाही पाहिलं नाही.

मी कागदवाला. वकील नाही, सीए नाही, नुसता कागदवाला. उल्हासनगर कॅम्प चारला एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर माझी खोली आहे. परवाने काढून देणं, त्यांचं नूतनीकरण करणं, बँकेची फाईल तयार करणं हे माझं काम. तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. तोंडावर त्याला 'साहेब' म्हणतात आणि मागे 'एजंट'. कामासाठी अंबरनाथच्या कारखान्यांकडे फेरी झाली की मी जेवायला मावशीकडे जायचो. ती मला 'कागदराव' म्हणायची. चारचौघांत मोठ्याने हाक मारायची, "ओ कागदराव, हात धुतलंस का? शाई पोटात जाईल!"

तिथल्याच एका चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पाच बाकं आणि एक मोठा चुलाणा एवढीच तिची खानावळ. मावशी मूळची बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती बदलापूरला हेंद्रेपाड्यात दिलेली. मावशीने स्वयंपाकाच्या जोरावर मुलीचं लग्न केलं आणि जावयाला रिक्षा घ्यायलाही मदत केली.

तिचा एक नियम होता, कोणालाही एकट्याने जेवू द्यायचं नाही. कोणी नवीन माणूस भिंतीकडे तोंड करून बसला की ती त्याचं ताट उचलून दुसऱ्यासमोर नेऊन ठेवायची. "भिताड बघत जेवलं तर अंगी लागत नाय." एकदा बिहारकडचा एक वेल्डर चिडला, "अरे मौसी, हमको अकेले खाना है।" मावशीने शांतपणे त्याचं ताट उचललं आणि म्हणाली, "अकेला खाना है तो घर जाके खा. इधर खानावळ हाय." तो मुकाट्याने एका फिटरसमोर जाऊन बसला. पुढे त्या फिटरच्या पोरीच्या लग्नात हाच वेल्डर वाढपी म्हणून कमरेला टॉवेल बांधून फिरत होता. असा तो उद्योग! पाच बाकांवर तिने किती माणसं जोडून दिली, देवच जाणे.

आता माझ्या हुशारीची गोष्ट सांगतो. तेव्हा मला ती हुशारीच वाटली होती.

खाद्यपदार्थांचा परवाना नसेल तर दंड होणार अशी आवई उठली तेव्हा मावशी घाबरून माझ्याकडे आली. मी म्हटलं, "खानावळ म्हणून लिहिलं तर मागे सतरा भानगडी. विजेचं मीटर धंद्याचं करावं लागेल, अग्निशमनचा दाखला आणावा लागेल, चाळमालक भाडं वाढवेल. त्यापेक्षा आपण 'घरगुती पापड-लोणची' लिहू. झटक्यात परवाना!"

"पण मला पापड कुठं येतात रं?"

"मावशी, लाटायचे नाहीत. फक्त लिहायचे आहेत."

बाकावरची सगळी माणसं खो खो हसली, मीही हसलो. मावशीला मात्र ते पटलं नव्हतं. "मी तर जेवण करते. मग जेवणच लिव ना," असं ती दोनदा म्हणाली. मी तिला उडवून लावलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आमच्या या तिन्ही गावांत हे सर्रास चालतं हो. कागदावर शिवणकाम असतं आणि आत ब्युटी पार्लर चालतं. कागदावर गोदाम असतं आणि आत फरसाण तळतात. अशा चाळीसेक फायली मी केल्या होत्या आणि प्रत्येकीवर माझाच शिक्का होता. लोक खूश, मी खूश.

मग ते महामारीचं साल आलं. कारखाने बंद, खानावळ बंद. कोठीतला तांदूळ संपेपर्यंत मावशीने अडकून पडलेल्या कामगारांना फुकट खिचडी घातली. पुढे पार्सलला परवानगी मिळाली, पण पार्सल न्यायला माणूस होता कुठे? निम्मे आपापल्या मुलखाला निघून गेले होते. शिवाय मावशीला ते पिशवीत भरून देणं मुळी जमेचना. "ह्याला जेवण बोलतात? तोंड दिसत नाय, पोट भरलं का कळत नाय." दुसऱ्या वर्षी पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हा चाळमालकाने निरोप धाडला, भाडं द्या नाहीतर खोल्या सोडा.

त्याच सुमाराला सरकारने बंद पडलेल्या हॉटेल-खानावळींसाठी कर्जाची सोय केली. हमी सरकारची, तारण नको, पहिलं वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही. आधीचं बँकेचं कर्ज चालू असलं की त्यावर हे वाढवून मिळायचं. मावशीने फ्रीजसाठी छोटं कर्ज घेतलं होतं आणि ते वेळेवर फेडत होती. मी उड्या मारतच तिच्याकडे गेलो. "मावशी, झालं तुझं काम! खानावळ वाचली!"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मास्कवरूनच.

बँकेत तिच्या सहीने घोळ घातला. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही ती. चार अक्षरं चार दिशांना. काउंटरवरच्या माणसाने ती तीन वेळा करायला लावली, जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि "चलेगा" म्हणून आत पाठवली. पण मावशीच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर आल्यावर तिने तीनदा विचारलं, "चालंल ना रं?" मी म्हटलं, "पळेल."

आठवड्याने कर्जविभागातल्या बाईंनी मला एकट्यालाच बोलावलं. फाईल माझ्यासमोर सरकवून त्या म्हणाल्या, "सर, ह्यांचा व्यवसाय तर पापड-लोणची आहे. बंदी हॉटेलांवर होती. लोणच्याला कुठे लॉकडाउन होतं?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. कागदावर होतं तेच वाचत होत्या. वर भल्या मनाने त्यांनी वाटही सांगितली. "इथे खरोखर खानावळ चालते असं शपथपत्र द्या, परवान्यात दुरुस्तीचा अर्ज करा. पहिल्यांदा चुकीचं का लिहिलं तेही लिहून द्या. दहा दिवसांत आणलंत तर मी प्रयत्न करते."

दहा दिवस हातात होते. खानावळ चालते हे सांगायला पन्नास माणसं अंगठे, सह्या घेऊन धावत आली असती. तो वेल्डर गावाहून आला असता.

पण चुकीचं का लिहिलं, हे लिहायचं म्हणजे कोणी लिहिलं तेही आलं. माझा शिक्का आला. एक फाईल उघडली की बाकीच्या चाळीस उघडणार. मला माझी खोली दिसायला लागली, दाराला कुलूप लावलेली. बायको दिसली, पोरांच्या फिया दिसल्या. मी रोज सकाळी ठरवायचो, आज जाऊन दुरुस्तीचा अर्ज करायचा. आणि रोज दुसरंच काहीतरी काम काढायचो. असे दहाही दिवस मी घालवले. लाज वाटते सांगायला, पण अकराव्या दिवशी मला हायसं वाटलं होतं.

मावशीकडे गेलो आणि म्हणालो, "नाही झालं गं. पैसे संपले म्हणतात. सरकारचं असंच असतं."

ती भांडी पुसत होती. पुसायला काही नव्हतं, तरी पुसत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "कागदराव, खरं सांग. माझी सही वाकडी होती म्हणून नाय झालं ना?"

आता तुम्हीच सांगा, 'नाही' म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. पण 'नाही' म्हटलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, मग कशामुळे? मी जमिनीकडे बघत राहिलो. माझ्या गप्प बसण्याचा तिने काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

"तरी वाटलंच मला," ती म्हणाली. "तू एवढा पळालास माझ्यापायी आणि मी मेली चार अक्षरं धड काढू शकले नाय. रागावू नको हां."

रागावू नको, म्हणे! मी तिला रागवायचं! त्या दिवशी तिने मला चहा करून दिला आणि मी तो प्यायलोसुद्धा.

पुढच्या महिन्यात तिने खोल्या सोडल्या. बाकं भंगारात गेली, मोठी पातेली एका केटररने नेली. मावशी आधी हेंद्रेपाड्याला मुलीकडे आणि मग तिथेही जीव रमेना म्हणून गावाला निघून गेली. कोणाकडून तरी तिचा निरोप यायचा, कागदरावाला विचारलं म्हणून सांगा. मला जायचं होतं. बारवी काय परदेशात आहे? बाईक काढली असती तर तासाभराचा रस्ता. पण समोर गेलो की ती जेवायला वाढणार, आणि तिच्या हातचं खाऊन ते सगळं सांगायचं कसं? म्हणून गेलो नाही. ती वारली हेसुद्धा मला उशिरा कळलं. साधा ताप आला, चार दिवस अंथरुणावर होती आणि गेली, असं जावयाच्या ओळखीचा कोणी रिक्षावाला सांगत होता.

गेल्या महिन्यात तिची मुलगी माझ्या खोलीत आली. आईचा परवाना बंद करायचा होता, नूतनीकरणाचे मेसेज हिच्या मोबाईलवर येत राहतात म्हणून. मी अर्ज भरायला घेतला. ती इकडेतिकडे बघत बोलत होती, अगदी मोकळेपणाने.

"आई तुमचं खूप नाव घ्यायची दादा. बोलायची, एवढ्या जगात तो एकटा माझ्यासाठी बँकेत फेऱ्या मारत होता. आणि माहितीये का, गावाला गेल्यावर तिने माझ्या पोराची वही घेतली होती. रोज दुपारी सही गिरवायची. आम्ही हसायचो, बोलायचो, आई, आता कशाला? तर बोलायची, पुन्हा सरकारने काय काढलं तर ह्या टायमाला माझ्यामुळे अडायला नको."



"शेवटी शेवटी एकदम फर्स्ट क्लास यायला लागली होती सही," ती हसत म्हणाली. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "खरंच सहीवरून अडलं होतं का हो दादा?"

खाली कापडवाल्याचा माणूस गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता.  मी पेन खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही. सही बरोबर होती. बँकेने घेतली होती. मी परवान्यात खोटं लिहिलं होतं, त्याच्यावरून अडलं. दुरुस्त करायला दहा दिवस दिले होते. मी केलं नाही. माझी बाकीची कामं उघडी पडली असती म्हणून नाही केलं."

मला वाटलं ती ओरडेल. मला ते हवंच होतं. टेबलावरचा पेपरवेट उचलून मारला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण ती नुसती बघत राहिली, आईसारखे डोळे बारीक करून. मग तिने अर्ज माझ्या हाताखालून ओढून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि उठली.

दारात पोचल्यावर म्हणाली, "हे मला काय सांगता दादा? ती वही गिरवत बसली होती तेव्हा तिला सांगायचं होतं."