चंद्रकांतच्या पासवर पडलेला भिवाजी

नेऱ्याच्या खालच्या आळीत कुणालाही विचारा, भिवाजी तिसऱ्या मजल्यावरून कसा पडला ते हातवारे करून सांगेल. पडताना काय ओरडला तेही सांगेल. सांगणारा तिथं नव्हता ही गोष्ट वेगळी. कागद तेवढे म्हणतात की भिवाजी पडलाच नाही. पडला त्याचा मेहुणा, चंद्रकांत. आणि हा पडलेला चंद्रकांत परवापरवापर्यंत रोज सकाळी शीळ घालत मोटारसायकलवरून कामाला जात होता!

झालं असं. भातलावणीला आळीत सावड चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात चंद्रकांतचं रोप पिवळं पडायला लागलं होतं, पण महाळुंग्याच्या बांधकामावर खाडा केला तर मुकादम गेटचा पास काढून घेणार. भिवाजी मोकळाच होता. म्हणाला, "चंदू, तू चिखलात उतर. तुझा दिवस मी तितं भरतो. सावड ती सावड, खाचरात काय अन् सेंट्रिंगवर काय!"

पासवरचा फोटो इतका धुरकट, की त्यात अख्खी आळी खपली असती. भिवाजी आत गेला. दुपारी फळी सटकली. दवाखान्यात पासवरचंच नाव उतरवलं गेलं. बिल ठेकेदारानं भरलं आणि आठव्या दिवशी चंद्रकांत तोच पास घेऊन गेटवर हजर! वहीत नोंद पडली: जखमी कामगार बरा होऊन रुजू. मुकादमानं सगळं पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही.

ऑपरेशनात घातलेली सळई भिवाजीच्या कमरेत राहिली, उजवा पाय वाळला. त्याची बायको सारजाबाई लवळ्याच्या एका खानावळीत चपात्या लाटायला जायला लागली आणि भिवाजी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला. निराधार पेन्शनला अपंगत्वाचा दाखला पाहिजे, दाखल्याला ऑपरेशनचे कागद. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट केले.

"हे चंद्रकांत कोण?"

"माझा मेव्हणा."

"मग त्यांना पाठवा."

"आवो साहेब, सळई माझ्या कमरंत हाय!"

"सळईवर नाव नसतं काका. कागदावर असतं."

चौथ्या खेपेलाही तेच ऐकून भिवाजी घरी आला आणि रागानं कुबडी अंगणात भिरकावली. मग कुबडी आणायला जायचं तर कुबडी पाहिजे, म्हणून सारजा येईपर्यंत बसल्या जागी ठेकेदाराच्या सात पिढ्या उद्धारत राहिला. आळीची चांगली करमणूक झाली. हसून झाल्यावर मात्र कुणीतरी शहाण्यासारखं बोललं: तालुक्याच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील मिळतो.

तिथल्या रेश्मा वकीलबाईंनी सगळं ऐकलं. आधी हसू दाबलं, मग तारीख पाहिली आणि हसू गेलं.

"काका, भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. तुमचे नऊ दिवस उरलेत. चंद्रकांतनी प्रतिज्ञापत्र दिलं पाहिजे, की त्या दिवशी तिथं मी नव्हतो, हे होते. त्यावरच पुढं दवाखान्यातलं नाव दुरुस्त करायचा अर्ज देता येईल."

आता चंद्रकांत सापडेल तर शप्पथ! फोन लावला की म्हणे नेटवर्क न्हाई. हिंजवडीच्या उंबऱ्यावर राहून नेटवर्क न्हाई! सात दिवस असे गेले. आठव्या संध्याकाळी भिवाजी आणि सारजा रिक्षा करून थेट त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. चंद्रकांत मागच्या दारानं निघाला होता, सारजानं तिथंच गाठला.

"आक्का, माझा पास जाईल गं! खोटं नाव लावलं म्हून पोलिसांत दिलं तर?"

"तुझा पास जाईल. ह्येंचा पाय गेलाय, त्येचं काय रं?"

"मी काय ढकललं व्हय दाजींना?"

तोवर भिवाजी कुबडी टेकत मागच्या दाराशी पोचला. म्हणाला, "चंदू, त्या दिशी तुझं भात लागलं का न्हाई?"

"लागलं."

"खाल्लंस?"

"...व्हय."

"मग माझा दिवस तुझ्याकडं राहिलाय. उद्या फेड. एकच दिवस दे."

चंद्रकांतची मान खाली गेली. या आळीत हातउसने बुडवणारे पैशाला पासरी मिळतील, पण सावड बुडवणाऱ्याच्या खाचरात पुन्हा कुणी पाय घालत नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. वाटेत दाजींशी चकार शब्द बोलला नाही. सही केली आणि दावा शेवटच्या दिवशी लागला. सारजाला वाटलं, सुटलो. सुटतायत कसले! सुनावणीची तारीख तीन महिन्यांनंतरची. नाव दुरुस्तीच्या अर्जाला 'कळवू', आणि ते कळेपर्यंत पेन्शनचा अर्जही लटकलेला. चंद्रकांतचा पास तेवढा चार दिवसांत गेला. त्या कामात कुणी तारीख दिली नाही.

आता दोघं भिवाजीच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतात. परवा चंद्रकांत पहिल्यांदा आपणहून बोलला.

"दाजी, दिवस फिटला न्हवं?"

"फिटला."

"मग यंदा लावणीला माझ्याकडं कोन येनार?"

भिवाजीनं कुबडी त्याच्या खाचराकडं रोखली. "येतो की मी. बांधावर बसून तुला शिव्या घालतो. पन ह्या बारीला माझ्या नावानं."