खांब उभे करायचा दिवस

लोवेल क्रॅट्झरच्या गॅरेजचा कोबा सहा इंच जाड आहे. आमच्या इकडे घरच्या गॅरेजला एवढा जाड कोबा कुणी घालत नाही. पण तो घातला त्या दिवशी त्याचा थोरला भाऊ एमेट काँक्रीटच्या ट्रकपाशी उभा राहून ओरडत होता, "ओत रे, अजून ओत! आज ना उद्या इथे लिफ्ट उभी राहणार आहे." लिफ्ट म्हणजे गाडी उचलून धरणारी, खाली माणसाला सरळ उभं राहून काम करता येतं. दोघं भाऊ तेव्हा चाकं लावलेल्या फळीवर उताणे पडून गाडीखाली सरकायचे, आणि एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकावर बसायचं.

लिफ्ट राहून गेली. एमेटच्या छातीला इथला हिवाळा सोसेना, म्हणून त्याच्या मुलीनं त्याला दूर, उबदार ॲरिझोनाला नेलं. लोवेल राहिला. त्यानं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचं वय उलटल्यावर गावानंही विचारायचं सोडून दिलं होतं. उभा जन्म शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेला. आता सकाळी उठून जायला ठिकाण नव्हतं, तरी तो त्याच वेळी उठायचा आणि खिडकीतून बर्फाखाली गेलेली शेतं बघत बसायचा. सपाट, कुठेही नजर अडकू न देणारी शेतं.

गॅरेजात दोघा भावांची मिळून एक गाडी होती. एकाहत्तर सालची, फिकट हिरवी, दोन दारांची. तिचा दुसरा गिअर पडला की सुटायचा, आणि सुटताना झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज यायचा. गिअरबॉक्स उतरवायला हवा होता. पण लोवेलचा उजवा खांदा आता उताणं पडून कसलंच वजन पेलू देत नव्हता. म्हणजे लिफ्ट घ्यायची, नाहीतर गाडी विकायची. आणि गाडी विकली तर दर रविवारी एमेटशी फोनवर काय बोलायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं व्होन्डाच्या दुकानात विषय काढला. व्होन्डा गाड्यांचे सुटे भाग विकते. तिच्या काउंटरच्या टोकाला कॉफीचं भांडं आणि उंच स्टुलं आहेत, आणि सकाळी तिथे गावातले रिकामे पुरुष असतात.

"लिफ्ट घ्यावी म्हणतो," लोवेल म्हणाला.

रॉस्को टिंडलनं तोंडात जाणारा डोनट खाली ठेवला. हा शेतकरी, गावातला सगळ्यात मोठा ट्रॅक्टर याचा आणि सगळ्यात मोठा आवाजही याचाच. "कुठली?"

"तेच तर ठरवायचंय."

"ठरवायचं काय त्यात? दोन खांबी. दोन बाजूंना दोन खांब, मधे गाडी अधांतरी, खाली सगळं मोकळं."

"चार खांबी घे रे," मर्ल बेकविथ म्हणाला. तो पूर्वी पोस्टमन होता आणि अजूनही कुणाच्याही बोलण्यात मधेच पत्र टाकल्यासारखा बोलतो. "गाडी वर ठेव, खाली दुसरी लाव."

"दुसरी आहे कुठे त्याच्याकडे?"

"घेईल की."

"अरे, चार खांबीवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते. चाक काढायचं म्हटलं तर ती काय एक पाय वर करून दाखवणार आहे?"

"आणि ती कात्रीवाली?" व्होन्डानं काउंटर पुसता पुसता विचारलं. "कात्रीसारखी उघडते ती?"

"ती लिफ्ट नाही बाई, ते इस्त्रीचं टेबल आहे," रॉस्को म्हणाला. "कमरेइतकी उचलते, आणि गाडीच्या पोटाखाली स्वतःच ठाण मांडून बसते. गिअरबॉक्स बरोबर तिच्या डोक्यावर. तो उतरवायला काय मुंग्या पाठवणार आहेस?"

लोवेल हसला. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं की त्यानं कॉफी प्यायलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो छताची उंची मोजून घेऊन गेला. मग दार वर ओढणाऱ्या मोटरचा दांडा मधे येतोय का, हा प्रश्न नेला. तो येत होता, आणि त्यावर मर्ल आणि रॉस्को जवळजवळ भांडले. मग त्यानं कोब्याला ड्रिलनं भोकं पाडून जाडी बघितली. "सहा इंच," त्यानं सांगितलं, जणू त्याला ते आधी माहीतच नव्हतं. रॉस्कोनं शीळ घातली. "हा गडी गॅरेजात तोफ आणून ठेवणार आहे."

त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं की दोन खांबी लिफ्ट घ्यायची. पण ठरत नव्हतं तोवर त्याच्यासाठी मधलं स्टूल रिकामं ठेवलं जात होतं. ठरत नव्हतं तोवर लोक त्याच्याकडे बघून बोलत होते. रात्री अंथरुणात पडल्यावर तो उद्याचा प्रश्न शोधायचा, जसं एखादा घरात कुठे काडेपेटी राहिलीय का ते चाचपत फिरतो.

आणि दुसरंही एक होतं.

दोन खांबी लिफ्टचे खांब एकट्यानं उभे होत नाहीत. ट्रॅक्टरला पुढे लोखंडी दाते लावून खांब उचलायचा, दोघांनी तळाशी धरायचा, एकानं ओळंबा बघायचा. पण आमच्या इकडे असल्या कामांसाठी कुणी कुणाला 'ये' म्हणत नाही. माणूस फक्त दिवस सांगतो. 'शनिवारी खांब उभे करतोय,' असं कॉफी ढवळत म्हणायचं आणि लगेच हवामानावर यायचं. शनिवारी उजाडताच ट्रॅक्टर दारात हजर. कुणाची तरी बायको राजमा आणि खिम्याच्या चिलीचं पातेलं घेऊन येते. शेवटचा बोल्ट घरमालकानं आवळायचा आणि बाकीच्यांनी तो नीट आवळला नाही म्हणून नावं ठेवायची. पण दिवस सांगितल्याशिवाय कुणी जात नाही. आणि 'कधी आहे रे?' असं विचारतही नाही. विचारणं म्हणजे त्याला आपली गरज आहे असं तोंडावर म्हणणं.

रॉस्कोच्या शेडच्या खांबांना लोवेलनं हात लावला होता. मर्लच्याही.

आणि एकदा त्यानं स्वतः दिवस सांगितला होता. एमेटचं सामान ट्रकमध्ये भरायचं होतं तेव्हा. 'रविवारी भरतोय,' तो याच काउंटरवर म्हणाला होता. कुणी आलं नाही. ऐकलं नसेल, किंवा शेवटच्या दिवशी दोघा भावांमध्ये कशाला जायचं, असं वाटलं असेल. दोघांनीच कपाट जिन्यावरून उतरवलं, एमेट खालच्या बाजूला, पायरीगणिक दम घेत. त्यावर पुढे कुणीच काही बोललं नाही, एमेटही नाही. पण लोवेलच्या आत तो रविवार उभा राहिला. कापणीनंतर शेतात मक्याचे खुंट राहतात, वरून बर्फ पडतं आणि तरी त्यांची टोकं दिसतात, तसा.

आता रोज सकाळी स्टुलावर बसताना त्याच्या जिभेवर एक वाक्य तयार असायचं. 'मार्चच्या पहिल्या शनिवारी खांब उभे करतोय.' तो कप उचलायचा, ठेवायचा, आणि विचारायचा, "तेलाची टाकी उजव्या खांबावर असलेली बरी की डाव्या?"

"मोजून मोजून तुझं गॅरेज झिजलं असेल, म्हाताऱ्या," रॉस्को एकदा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "आता ठरव की."

"एवढा विचार लग्नाचा केला असतास तर आज नातवंडं असती," व्होन्डा म्हणाली.

"विचार केला म्हणूनच नाहीत ती," मर्ल म्हणाला, आणि सगळे हसले. लोवेलही हसला. पण त्या दिवशी टाकीबद्दल कुणी भांडलं नाही.

रविवारी एमेटचा फोन आला. "घेतलीस का?"

"बघतोय."

"बघतोयस काय? दोन खांबी घे. कोबा काय नाचायला ओतलाय आपण? दिवस सांगितलास त्यांना?"

"सांगितला."

"कुठला?"

"मार्चातला."

"रॉस्को ट्रॅक्टर आणेल ना?"

"आणेल."

"त्याला म्हणावं, मागच्या भिंतीला धक्का लावू नकोस. ती मी रंगवलीय." एमेट बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मजा येईल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी लोवेलनं लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई त्याला आवाजावरून ओळखायला लागली होती. इतक्या वेळा त्यानं तिला काय काय विचारलं होतं.

"ठरलं का अखेर, क्रॅट्झर साहेब?" ती म्हणाली.

"ठरलं. दोन खांबी."

"छान! एकच विचारते. ट्रकवाला फक्त आणून पोचवतो, उतरवून घेणं आणि उभं करणं तुमच्याकडे. किती माणसं असतील तुमची?"

लोवेल गॅरेजच्या दारात उभा होता. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे शेत, शेतापलीकडे धान्याचं उंच कोठार. त्याच्यावर एक कावळा.

"क्रॅट्झर साहेब? ऐकू येतंय ना?"

"कात्रीवालीला किती लागतात?" त्यानं विचारलं.

"तिला? तिला चाकं असतात. एकटा माणूस ढकलू शकतो. पण तुम्ही तर गिअरबॉक्स म्हणत होतात..."

"तीच पाठवा."

"बघा हं. तुमची खात्री आहे ना?"

"हो," तो म्हणाला. सगळ्या हिवाळ्यात त्यानं इतक्या पटकन काहीच ठरवलं नव्हतं.

लिफ्ट आली तेव्हा ट्रकच्या ड्रायव्हरनं मागची फळी खाली घेतली आणि खोकं दारापर्यंत ढकलत आणलं. त्यानं गॅरेजात डोकावून बघितलं. "एकटेच का?"

"हो."

"मग बरोबर तीच घेतलीत," तो चांगल्या मनानं म्हणाला आणि गेला.

त्यानंतर काही दिवस लोवेल व्होन्डाकडे गेला नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नुसतं जाऊन बसायची त्याची सवय मोडली होती. पण घरात बसून बसून त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला, तेव्हा गेला.

"या, या! ठरलं का सरकारचं?" रॉस्कोनं विचारलं.

"आलीसुद्धा."

"आली? काय आली?"

"लिफ्ट. कात्रीवाली."

व्होन्डाचा फडका जागच्या जागी थांबला. मर्लनं रॉस्कोकडे बघितलं.

"आणि गिअरबॉक्स?" रॉस्को म्हणाला.

"बघू."

"बघू म्हणजे? अरे, मी जानेवारीपासून ट्रॅक्टरला दाते लावून ठेवलेत! रोज बायकोच्या नडगीला लागतात आणि रोज मी शिव्या खातो. कशासाठी? तू दिवस सांगशील म्हणून."

"मला वाटलं, एमेट येईल म्हणून हा थांबलाय," मर्ल पुटपुटला.

"मी मोठं पातेलं माळ्यावरून काढून घासून ठेवलंय," व्होन्डा म्हणाली. तिचा आवाज चिडल्यासारखा होता, पण ती चिडली नव्हती.

लोवेलनं टोपी काढून काउंटरवर ठेवली. ही माणसं एवढे दिवस इथेच, हाताच्या अंतरावर, त्याच्या एका वाक्याची वाट बघत बसली होती. आणि त्या वाक्याला बगल देण्यासाठी त्यानं त्यांना अख्खा हिवाळा प्रश्न विचारले होते.

"परत पाठव ती," रॉस्को म्हणाला. "घेतात परत. दोन खांबी मागव आणि दिवस सांग. कधी? आत्ता सांग. कधी?"

हे असं कुणी विचारत नाही. रॉस्कोच्याही ते लक्षात आलं, कारण त्याची मान लाल झाली आणि तो कपात बघायला लागला. लोवेलनं तोंड उघडलं. कुठलाही शनिवार चालला असता. पण सांगितलेला दिवस वेगळा आणि ओढून काढलेला दिवस वेगळा. आता ते आले असते ते वाट बघताना पकडले गेले म्हणून. आणि तो, ज्याच्या तोंडातून दिवस खेचून काढावा लागला असा माणूस, शेवटचा बोल्ट आवळत त्यांच्यामध्ये उभा राहिला असता.

"ब्रेकला पुरते ती," तो म्हणाला. "टायरला पुरते. माझं काम तेवढंच आहे."

रॉस्कोनं कप काउंटरवर ठेवला. आमच्या इकडे माणूस पुरतं म्हणाला की पुरतं.

"पुरत असेल तर बरं," तो म्हणाला.

मग मर्लनं नदीवरचा बर्फ तडकल्याची बातमी सांगितली, आणि बोलणं पेरणीवर गेलं. लोवेलनं कॉफी शेवटपर्यंत प्यायली. कप बुडापर्यंत रिकामा झाल्यावरही तो थोडा वेळ हातात धरून बसला. मग टोपी घालून निघाला, तेव्हा व्होन्डा म्हणाली, "येत जा रे." तो "हो" म्हणाला.

घरी येऊन त्यानं गॅरेजचं दार वर केलं आणि गाडी उचलली. लिफ्ट चांगली होती; आवाज न करता वर आली आणि कमरेपाशी थांबली. त्यानं स्टूल ओढून पुढचं चाक काढलं. ब्रेक ठीक होते. ते ठीक आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं चाक परत लावलं आणि मग वाकून, कात्रीच्या दोन पट्ट्यांमधून, डावा हात आत घातला. खांदा पट्टीला टेकला तेव्हा कुठे बोटांची टोकं गिअरबॉक्सच्या पोटाला लागली. थंड होतं ते, आणि तेलानं ओलं. जेवढं पोचत होतं तेवढं त्यानं बोटांनी पुसलं.

रस्त्यावरून ट्रॅक्टर येत होता. रॉस्कोच होता. या वळणावर तो नेहमी वेग कमी करतो, आजही केला. लोवेल हात सोडवायला लागला. पट्ट्यांमधून तो हळूच, तिरका करून काढावा लागत होता. रॉस्कोनं स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली आणि ट्रॅक्टर पुढे गेला. लोवेल दारात येऊन उभा राहिला तेव्हा तो शेताच्या फाट्याला लागला होता. ट्रॅक्टरच्या तोंडाशी आता माती ओढायचं खोरं होतं. दाते त्यानं काढले होते.